दिंडी कोणत्या गल्लीतून जाते?

आज आषाढी एकादशी. भांडुपच्या टेंभीपाड्यात, कोकणनगरात घरोघर उपवास असेल. डोक्यावर तुळस घेतलेल्या मुली आणि टाळ घेतलेली मुले रस्त्याने चालताना दिसतील. तो सोहळा पाहून आम्हांसही धन्यता वाटते. तथापि आमचे लक्ष दिंडीच्या वाटेकडे असते. ती कोणत्या गल्लीत वळते आणि कोणती गल्ली टाळून पुढे जाते?

भांडुप ही एका गावची वस्ती नव्हे. कारखान्यांच्या आधाराने कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसे आली आणि टेकडीच्या उतारावर मिळेल तेथे राहिली. गल्ली बदलली की पुष्कळदा जात, प्रांत वा धर्म बदलतो, आणि तरुणांचे मंडळही बदलते.

अशी सीमारेषा प्रत्यक्ष पंढरीतही होती. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या बांधवांना कित्येक शतके आत पाऊल टाकता आले नाही. ते दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. 10 मे रोजी ते सुटले. विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजींचे तप सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. एस. एम. जोशी दलप्रमुख असलेल्या या दलाची 1941 साली नव्याने उभारणी झाली. सर्व जातींची मुले संध्याकाळी एका मैदानावर खेळत, गाणी म्हणत, एकत्र श्रमदान करीत. त्यांना समतेचा निराळा धडा द्यावा लागला नाही, असे आम्हांस वाटते.

हल्ली युवा नेतृत्वाची शिबिरे पुष्कळ भरतात. व्याख्याने होतात, प्रशस्तिपत्रे वाटली जातात. (हारतुरेही असतातच!) त्यापेक्षा दोन गल्ल्यांच्या मंडळांनी पावसाळ्यात तुंबलेले गटार मिळून उपसावे. मुंबईचे पाणी भांडुप संकुलात शुद्ध होते. टेकडीवरच्या घरांना त्याचा पुरेसा दाब मिळावा, म्हणून पालिकेच्या कचेरीत सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज न्यावा. मंडळाचा खजिनदार पलीकडच्या गल्लीतला असावा.

यात अडचण तरुणांची क्वचितच असते. "तिकडे कशाला जाता?" असे विचारणारे आपण वडीलधारेच असतो. आज सायंकाळी मुले त्या टाळलेल्या गल्लीतून दिंडी न्यायची म्हणाली, तर घरच्या मोठ्यांनी पताका घेऊन त्यांच्यासोबत निघावे.