हवाई क्लब: उडवणाऱ्यांचा की बांधणाऱ्यांचा?

मिरजेत हौशी हवाई क्लब काढायचा झाला, तर त्याने आधी कोणाकडे पाहावे? माझ्या मते, विमान बांधणाऱ्यांकडे. उड्डाणाचा तास मोजक्यांनाच परवडतो. पंखाचा सांगाडा जोडणे, रिव्हेट मारणे, गुरुत्वमध्य काढणे मात्र एका शेडमध्ये वीसजण शिकू शकतात. भोपळ्यातून तंबोरा घडवणाऱ्या शहराला हातच्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

मूळचे शेजारच्या सातारा जिल्ह्यातले वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. असे काम एकट्याच्या जिद्दीवर किती रेटायचे?

अमेरिकेत १९५३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईएए’ संघटनेचे जाणकार सभासद नवख्याची बांधणी टप्प्याटप्प्याने पाहून चुका दाखवतात. धोका खराच आहे. घरी बांधलेल्या विमानांना पहिल्या काही उड्डाणांत अपघाताची भीती जास्त असते. म्हणूनच बांधणारा एकटा नको, क्लबात हवा. रिव्हेट स्वतः मारावा, तपासावा मात्र दुसऱ्याने.