‘पॅडी’ कुणी म्हणायचे?

वाचकहो, ‘पॅडी’ हा शब्द शेतीच्या बातम्यांत आपण वाचतो. तो भाताचा पॅडी; इंग्रजीत तो मलाय भाषेतून आला. आज आम्ही सांगणार आहोत तो पॅडी म्हणजे माणूस आहे आणि तो आयर्लंडचा आहे.

पॅट्रिक हे आयर्लंडमध्ये फार चालणारे नाव. आयरिश भाषेत ते ‘पाड्रिग’ असे होते. त्यातला ‘ड’ घेऊन आईने, भावाने, सवंगड्याने मारलेली हाक म्हणजे पॅडी. जसा आपल्याकडे सदाशिवचा सदा. १७ मार्चला संत पॅट्रिकचा सण असतो. त्या दिवशी कुणी ‘पॅटी’ म्हटले तर आयरिश माणूस लगेच चूक दुरुस्त करतो. पॅटी हे पॅट्रिशियाचे, म्हणजे बाईचे नाव.

हा संत पाचव्या शतकातला. त्याचे लॅटिन नाव ‘पॅट्रिशियस’, अर्थ कुलीन. पण या ‘कुलीना’ला सोळाव्या वर्षी लुटारूंनी ब्रिटनमधून पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले. सहा वर्षे त्याने तिथे गुरे राखली. पुढे तो निसटला आणि धर्मोपदेशक होऊन त्याच देशात परतला.

आयरिश मजूर पोटासाठी इंग्लंडला जातच होते. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक कुजून मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. या लोकांनी परमुलखात कालवे खोदले, रेल्वेचे रूळ टाकले, गोदीत ओझी वाहिली. त्यांचे नाव विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. आयरिश मजूर म्हटला की तो पॅडी. अमेरिकेत घरकाम करणाऱ्या आयरिश बाईचेही तेच झाले. ब्रिजेट या नावावरून तिला सरसकट ‘बिडी’ म्हणू लागले. ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ अशा नोकरीच्या जाहिराती छापून येत. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात आयरिश माणूस माकडतोंडा काढला जाई. रागाच्या झटक्याला इंग्रज ‘पॅडी’ म्हणू लागले आणि अमेरिकेत पोलिसांची कैदी नेणारी गाडी ‘पॅडी वॅगन’ झाली. कुलीन अर्थाच्या नावाची ही गत झाली!

ब्रिटिश राजकारणी पॅडी अॅशडाऊन यांचे खरे नाव जेरेमी. जन्म १९४१ साली नवी दिल्लीत, बालपण उत्तर आयर्लंडमध्ये. इंग्लंडच्या शाळेत त्यांचे आयरिश उच्चार ऐकून मुलांनी ‘पॅडी’ म्हणून चिडवले. त्यांनी ते नाव टाकले नाही. त्याच नावाने ते १९८८ ते १९९९ लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते राहिले. २०१८ साली ते वारले.

आयरिश लोकांनीही पॅडी सोडला नाही. ‘चीफटन्स’ या वाद्यवृंदाचे पॅडी मोलोनी हे नाव त्यांच्या देशात अभिमानानेच घेतले जाते. मग अपमान कशात आहे? अक्षरे तीच आहेत. घरच्याने हाक मारली तर ती एका माणसाला असते. मुकादमाने मारली तर ती साऱ्या जमातीला असते आणि त्यात तो माणूस नाहीसा होतो.

हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. कारखान्यात, कचेरीत नवा माणूस आला, मग तो कुठल्याही मुलखाचा असो, आधी त्याचे पूर्ण नाव विचारा. लाडाचे नाव तो मागाहून आपणहून सांगेल.