खांबावरची पेटी कोणाची?

परवा गंगापूर रोडने पायी चाललो होतो. दिव्याच्या एका खांबावर करड्या रंगाची पेटी दिसली. तिच्याखाली वायरीचं वेटोळं लोंबत होतं, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या डोक्याला लागेल इतकं. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, "दादा, हे कोणाचं?" तो म्हणाला, "काय माहीत साहेब. रात्री आले, शिडी लावली, गेले."

पेटीवर नाव नाही, नंबर नाही. तक्रार करायची तर कोणाकडे? महापालिका, महावितरण की मोबाईल कंपनी?

आधीच सांगतो, मला या पेट्यांचं वावडं नाही. रेंज गेली की घरात सगळ्यात आधी मीच चिडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे ५जी आलं. त्याच्या वेगवान लहरी लांब पोचत नाहीत, भिंतींना अडतात. म्हणून मोठ्या टॉवरच्या जोडीला थोडाच टापू सांभाळणारी छोटी यंत्रं लागतात, आणि त्यांना सोयीची जागा म्हणजे रस्त्यावरचा खांब. लहरींच्या भीतीबद्दल म्हणाल, तर २०१२ पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. शिवाय २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. २००३ च्या सिंहस्थातली रामकुंडाच्या वाटेवरची चेंगराचेंगरी ज्यांना आठवते, ते गर्दीत फोन लागण्याला चैन म्हणणार नाहीत.

मग दुखतं कुठे? नियमांत. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गहक्काचे नियम दुरुस्त केले. शहरातल्या खांबावर असं छोटं यंत्र लावायला वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५० रुपये, असा दर ठरला. म्हणजे दिवसाला रुपयाही नाही. त्याच रस्त्यावरच्या भाजीवालीची रोजची पावती याहून मोठी असते! पुढे दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. महापालिकेने मुदतीत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असंच धरलं जातं.

दर कमी ठेवला याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक शहराने मनाला येईल तो भाव लावला असता, तर शेवटी बिल आपल्याच रिचार्जमध्ये आलं असतं. पण खांब नाशिककरांच्या पैशाचा आहे. भाडं नाममात्र घेताय ना, मग बदल्यात जबाबदारी तरी पूर्ण घ्या.

महापालिकेने फक्त तीन गोष्टींचा आग्रह धरावा. प्रत्येक पेटीवर कंपनीचं नाव, खांबाचा क्रमांक आणि तक्रारीचा फोन मराठीत. लोंबणारी वायर आणि बंद पडलेली पेटी ठराविक दिवसांत काढण्याची अट. आणि कोणत्या खांबावर काय लावलंय याची यादी सगळ्यांना बघता येईल अशी. अर्ज तसेही ऑनलाइनच येतात, म्हणजे माहिती जमा आहेच. ती कपाटातून रस्त्यावर आणायची, एवढंच.

रिक्षाला नंबर असतो, हातगाडीला परवाना असतो. मग आपल्या डोक्यावर टांगलेल्या पेटीलाच नाव का नसावं?

असो. निघताना ती वायर मीच खांबाला गुंडाळून ठेवली. चहावाला हसला. म्हणाला, "साहेब, आता ती तुमचीच झाली."