वाडींतील अंजीर ठेवावें कीं काढावें?

श्रीवर्धनकडील एका वाचकबंधूंनीं आम्हांस वरील प्रश्न पुसला आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यास लागलें, तेव्हां त्यांच्या पोफळींच्या रांगांत मोठीं खिंडारें पडलीं. त्यांतील एका मोकळ्या जागीं त्यांच्या मातोश्रींनीं सासवडहून आणविलेली पुणे जातीच्या अंजिराची काडी लाविली. नव्या पोफळीस फळ धरण्यास कित्येक वर्षें लागतात. अंजिरानें तिसऱ्याच वर्षीं फळ दाखविलें. आतां पोफळी डोक्यावर गेल्या, अंजिरावर सावली आली, आणि घरांत दोन पक्ष झाले आहेत. मातोश्री कोणत्या पक्षांत आहेत हें सांगणें नकोच.

काढा म्हणणारांचें म्हणणें खोटें नाहीं. आमच्या किनाऱ्यावर वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक चार महिन्यांत. त्या दमट हवेंत पानांवर तांबेरा चढतो, पानें अकालीं गळतात, आणि त्या दिवसांत तयार होणारें फळ फुटतें, आंबतें. म्हणून कित्येक सुचवितात कीं, दिनकर किंवा एखादी परदेशी जात आणावी. हें आम्हांस पटत नाहीं. दिनकर ही दौलताबादकडील अंजिरांतून निवडलेली, मराठवाड्याच्या कोरड्या हवेंतील जात. जात बदलली म्हणून आपला आषाढ बदलत नाहीं. शिवाय पुणे जातीस फळ धरण्यास कोणा कीटकाची मदत लागत नाहीं. कॅलिफोर्नियांत स्मर्ना अंजिरांसाठीं चिमुकला परागवाहक कीटक १८९९ सालीं मुद्दाम आणून वसवावा लागला होता.

खरा दोष पाण्याचा आहे. पुरंदरच्या अंजिरास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथील बागाईतदार मीठ्या बहारासाठीं पावसाळा सरतांच झाडाचें पाणी तोडतात, त्यास विसावा देतात, मग छाटणी व खत करून पाणी सुरू करितात. फाल्गुन-चैत्रांत गोड फळ हातीं येतें. आमच्या वाडींत याच्या उलट घडतें. पाऊस गेला कीं पोफळींचें शिंपणें सुरू होतें, पाटाचें पाणी अंजिराच्या बुंध्याशीं जातें, आणि त्यास ताण असा मिळतच नाहीं. वर सावली. झाड पानें काढीत बसतें, आणि ठपका मात्र जातीवर येतो! वालुकामय जमिनींत सूत्रकृमींचाही उपद्रव असतो; बारीक मुळें उकरून तीं गांठाळलेलीं आहेत कीं काय, हें अवश्य पाहावें.

तेव्हां आमचें मत असें कीं, जात ठेवावी, जागा बदलावी. येत्या छाटणीच्या वेळीं वर्षभराच्या पक्व, बोटाएवढ्या जाडीच्या काड्या घेऊन त्या स्वच्छ मातींत रुजवाव्या, आणि पुढें अंगणांत उंचवट्यावर लावाव्या. तेथें दिवसभर ऊन असावें व पाटाचें पाणी पोचूं नये. अंगणांत ऊन कोठें किती वेळ टिकतें हें मातोश्रींसच विचारावें. अशी जागा नसल्यास मोठें पिंप चालेल; तें पावसांत पडवीच्या कडेस सरकवितां येतें. पावसाळ्यांत धरलेलीं फळें लहानपणींच खुडावीं, त्यांचा मोह धरूं नये.

मात्र नव्या झाडाचें फळ चाखल्यावांचून जुन्यास कुऱ्हाड लावूं नये. शेंकडों झाडें लावून मुंबईस फळ धाडण्याचा बेत कोणाचा असेल, तर तो त्यानें सोडावा. हें पीक येथें घरापुरतें. पण घरापुरतें म्हणजे थोडें नव्हे. अंजीर तोडल्यावर पिकत नाहीं, म्हणून दूरच्या बाजारासाठीं तें थोडें कच्चेंच तोडावें लागतें. देठाशीं लवलेलें, मऊ झालेलें फळ ज्याच्या दारीं झाड आहे त्यासच मिळतें, तेंही वटवाघुळांच्या आधीं उठल्यास.

काड्या घेतांना चीक हातास लागून खाज सुटते. हातास फडकें गुंडाळावें. काड्या दोन-चार अधिकच लावाव्या. पहिल्या पावसांत त्यांतील एखादी कुजतेच.