जुनी कॅसेट, नवे कान

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तरुणपणी पाठ झालेला एखादा अल्बम तुम्ही अलीकडे पुन्हा नीट ऐकलाय का? मी मागच्या आठवड्यात 'गारवा' ऐकला. १९९८ साली आलेल्या या अल्बमचं संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा; शब्द सौमित्र यांचे, म्हणजेच अभिनेते किशोर कदम यांचे.

डी.एड.ला असताना ही कॅसेट आम्ही अक्षरशः झिजवली. पण गाण्यांच्या मधलं सौमित्र यांचं कवितावाचन आलं की मी कॅसेट पुढे पळवायचो. मला फक्त चाल हवी असायची. आता तेच वाचन दोनदा ऐकलं. कुठे थांबायचं, कोणता शब्द हळू सोडायचा, सगळं त्यात आहे! इतकी वर्षं वर्गात मी कविता एका दमात वाचून थेट प्रश्नोत्तरांवर येत होतो, याची लाज वाटली.

माझं मत एवढंच: ऐकणंही शिकवावं लागतं आणि ते एका फेरीत होत नाही. कविता आधी दोनदा नुसती ऐकवा. अर्थ लगेच सांगू नका. महिन्याभराने पुन्हा ऐकवा आणि विचारा, या वेळी नवीन काय ऐकू आलं?

घरीही तसंच. आपली गाणी मुलांना जरूर ऐकवा, पण 'आमच्या वेळी' अशी सुरुवात नको. माझी मुलगी ऐकते त्याला मी गोंगाट म्हणायचो. काल तिच्याशेजारी बसून एक गाणं पूर्ण ऐकलं. फारसं आवडलं नाही. "पुन्हा एकदा लाव," म्हटलं, तर ती हसली आणि सरकून मला जागा दिली.