वूफर दुरुस्त झाला, मग बेस कुठं गेला?



आज पिकाची नोंद नाही, ट्रॅक्टरवरच्या वूफरची आहे. उसाचा हंगाम तोंडावर आला की गावाकडून जुळे सोलापुरात कामाला येणाऱ्याच्या पिशवीत एखादा फाटका वूफर असतोच. दुरुस्ती होते, आवाज येतो, माणूस खुशीत घरी जातो. दोन दिवसांनी म्हणतो, "वाजतंय, पण पहिल्यासारखा दणका नाही." मग कारागिराच्या नावानं खडी फोडायची. माझं मत असं की निम्मी चूक "बसेल तो पार्ट टाका" म्हणणाऱ्याची असते.

फवारणीचं नोझल बदलताना ते नुसतं बसलं म्हणून आपण खूश होत नाही. मिनिटाला किती पाणी पडतंय ते मोजतो. वूफरचंही तसंच हाय.

बेस येतो पडदा मोकळा मागं-पुढं हलल्यामुळं. त्याला धरून ठेवतात दोन गोष्टी: बाहेरची फोमची किंवा रबराची कड आणि आतला स्पायडर. समजा मूळ वूफर 40 हर्ट्झला मोकळा डोलतो. कड आणि स्पायडर मिळून दुप्पट कडक बसवले, तर तो आकडा साधारण 56 वर जातो. ढोलाचा खालचा घुमारा तिथंच संपला. उलट पडद्यावर डिंक थापला तर वजन वाढतं, आणि तेवढ्याच वॉटमध्ये आवाज दबतो.

कॉइलचं वेगळंच. 8 ओहमच्या जागी 4 ओहमची टाकली तर अँप्लिफायरवर जवळपास दुप्पट करंटचा लोड येतो. आवाज वाढल्यासारखा वाटतो, पण अँप्लिफायर तापतो.

म्हणून दुकानातून उठायच्या आधी एवढं बघा:

👉 जुना स्पायडर आणि कड फेकू देऊ नका. नवीन त्याच मापाची, तेवढीच मऊ आहे का ते हातानं बघा.
👉 दोन्ही बाजूंनी बोटांनी पडदा हळूच, सारखा दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय.
👉 मल्टिमीटर लावा. 8 ओहमची कॉइल साधारण 6 ते 7 दाखवते, 4 ओहमची 3 ते 3.5.
👉 दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे. जोडीतला एक बाहेर आणि एक आत जात असेल तर दोघं एकमेकांचा बेस खातात. वायर उलटी करा, फुकटात बेस परत येतो.
👉 खोक्याची फट बुजवा. हवा गळाली की बेस गळाला.

नवीन स्पायडर सुरुवातीला थोडा कडक असतो. काही तास मध्यम आवाजात वाजवला की सैल होतो, तेवढा धीर धरा.

खरा धोका पुढं आहे. बेस कमी वाटला की ड्रायव्हर पोरगं बटण शेवटपर्यंत फिरवतं. कॉइल तापून परत जळते, हा पैशाचा तोटा. पण मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, रात्रीचा रस्ता, आणि त्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. हा तोटा कुठल्याच दुकानात भरून निघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वूफर टाकून देऊ नका, दुरुस्तच करा. पण मापात करा. मापातला वूफर कमी आवाजातही भरून वाजतो, आणि हॉर्नला जागा राहते.

तुमच्याकडं काय अनुभव हाय, जरूर सांगा. 🙏