कागदी लाखाचं व्याज

बँकेतून निवृत्त झालेला माणूस शाळेच्या हाती लागला की त्याला काहीतरी शिकवायला लावतात. जूनपासून मी दर शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास नववी ‘ब’ला शेअर बाजार शिकवतो. पहिल्या तासाला प्रत्येकाला कागदावरचे एक लाख रुपये दिले, फळ्यावर पाच ओळखीच्या कंपन्या लिहिल्या आणि जाहीर केलं, सहाव्या शनिवारी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त पैसे, त्याला चांगलं शाईचं पेन.

जिंकला मागच्या बाकावरचा. अख्खा लाख एकाच कंपनीत टाकून. “भीती नाही वाटली?” विचारलं, तर म्हणाला, “सर, शेवटून पहिला आलो काय आणि दुसरा आलो काय, पेन जाणारच होतं ना!” त्यानं माझ्या स्पर्धेचे नियम माझ्यापेक्षा नीट वाचले होते. सहा आठवड्यांची मुदत, हरल्याला काही तोशीस नाही. अशा खेळात शहाणा मुलगा जुगारच खेळणार. आंतरशालेय स्पर्धा भरवणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

दुसऱ्या फेरीला पेन ठेवलं, पण सगळ्यात चांगल्या वहीसाठी. ‘का घेतलं’ आणि ‘का विकलं’ असे दोन रकाने. पहिल्या फेरीतली कारणं मी विसरलेलो नाही: ‘बाबांकडे याच कंपनीची गाडी आहे’, ‘जाहिरात भारी’. म्हणून यावेळी कंपन्यांची नावंच झाकली, वर्षही सांगितलं नाही. मोबाइलवरची खोट्या पैशांची ॲप वर्गात नकोतच. नोव्हेंबर 2024 मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीनं त्यांच्याबाबत लोकांना सावध केलं आहे. भाव मी जुनेच घेतो. शिक्षणाच्या नावाखाली टिपा वाटणाऱ्यांना चाप लावायला सेबीनं जानेवारी 2025 मध्ये तीन महिन्यांच्या आतल्या भावांवर बंधन आणलं, तेव्हा या क्लासवाल्यांची मला काडीची दया आली नाही.

झाकलेलं वर्ष होतं 2020. एक शनिवार म्हणजे एक महिना. फळ्यावर सेन्सेक्स हा निर्देशांक लिहिला 41,952. दोन शनिवारांनी लिहिला 25,981. वर्गात कालवा. 23 मार्चला एकाच दिवसात 3,934 अंश, म्हणजे तेरा टक्के गेले होते. निम्म्या वर्गानं मिळेल त्या भावाला विकून टाकलं. वहीत कारण एकच: ‘सगळे विकतायत’. मग त्रैराशिक मांडायला लावलं. अडतीस टक्के गेले, तर मूळ जागी यायला किती टक्के वाढ हवी? “अडतीस!” असा गजर झाला. उत्तर साडेएकसष्ट येतं हे तिघींनी वहीत करून दाखवलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना पटलं.

पुढच्या जानेवारीत सेन्सेक्सनं पन्नास हजारांना हात लावला. विकलेली मुलं चिडली, ठेवलेली शेफारली. या शेफारलेल्यांसाठी तिसरी फेरी राखून ठेवली आहे. एप्रिल 1992 मध्ये साडेचार हजारांजवळ गेलेला सेन्सेक्स हर्षद मेहता प्रकरणात कोसळला आणि 1998 संपतानाही तीन हजारांच्याच आसपास होता.

खरी फजिती वेगळीच झाली. एका मुलीनं साठ हजारांचे शेअर घेतले आणि चाळीस हजार हातातच ठेवले. मी तिला ‘भित्री’ म्हणणार, एवढ्यात तिनं विचारलं, “सर, या चाळीसवर व्याज नाही का? आजी तर एफडीत ठेवते.”

पस्तीस वर्षं बँकेत काढली आणि माझ्या खेळात शिल्लक रकमेला व्याजच नव्हतं. सगळा लाख बाजारात ओतला नाही तर वाया जातो, हे मीच मुलांना शिकवत होतो.

त्याच तासाला नियम बदलला: शिल्लक रकमेवर दरसाल सहा टक्के, दर शनिवारी जमा. तिला महिन्याचे दोनशे रुपये मिळतात. मागची बाकी तिनं मागून घेतली.